प्रश्न वाचकांचे : थेम्सच्या ओहोटीतला शोध

लंडनमध्ये थेम्स नदीला समुद्राची भरती-ओहोटी लागते. पाणी उतरलं की काठालगतचा चिखल-गोट्यांचा पट्टा उघडा पडतो आणि त्यात रोमन खापरांपासून व्हिक्टोरियन काळातल्या बटणांपर्यंत काहीही दिसू शकतं. हा पट्टा म्हणजे फोरशोअर, आणि तो धुंडाळणं म्हणजे मडलार्किंग. गेल्या अंकात आम्ही त्याची तोंडओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या प्रश्नांचा एकच केला आहे.

प्र. मुलाकडे लंडनला तीन आठवडे जाणार आहे. ओहोटीच्या वेळी काठावर उतरावं आणि सहज काही दिसलं तर उचलावं, एवढं चालेल ना? खणायचं वगैरे नाही.

उ. नाही चालत. पश्चिमेच्या टेडिंग्टनपासून पूर्वेच्या थेम्स बॅरिअर या पूररोधक दरवाजांपर्यंतच्या फोरशोअरवर वस्तू शोधायला पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा, म्हणजे बंदर प्राधिकरणाचा, परवाना लागतो. हातात कुठलंही अवजार नसलं, नुसत्या डोळ्यांनी शोधत असलात तरी लागतो. ही जमीन मोकळी दिसते, पण बेवारस नाही. तिचे मुख्य मालक म्हणजे ही ऑथॉरिटी आणि क्राउन इस्टेट, म्हणजे राजसत्तेच्या नावावरच्या मालमत्तेची संस्था.

परवाना तीन आठवड्यांत हाती पडण्याची आशा धरू नका. मागणी इतकी वाढली की नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे परवाने देणंच थांबवलं गेलं. पुढे प्रतीक्षायादी सुरू झाली, तीही हजारोंच्या घरात गेली. पाहुण्यांसाठी सरळ मार्ग म्हणजे मार्गदर्शकाबरोबरची फेरी. थेम्स एक्सप्लोरर ट्रस्टसारख्या संस्था अशा फेऱ्या काढतात. त्यांत वस्तू सहसा पाहून, हाताळून जागच्या जागी ठेवायच्या असतात. आमच्या मते पहिल्या खेपेला तेच बरं, कारण नवशिक्याचा निम्मा वेळ गंजलेले खिळे आणि गारगोट्या ओळखण्यातच जातो.

परवाना असलेल्यालाही सगळीकडे मुभा नसते. टॉवर ऑफ लंडनसमोरचा काठ वर्ज्य आहे. क्वीनहाइथची जुनी गोदी संरक्षित स्मारक असल्यामुळे तिथेही हात लावता येत नाही. साध्या परवान्यावर ७.५ सेंटीमीटरपेक्षा खोल उकरता येत नाही.

आणि एक, जे परदेशातून येणाऱ्यांच्या बहुधा लक्षात येत नाही. ब्रिटनच्या जमिनीत सापडलेली ५० वर्षांहून जुनी पुरावस्तू देशाबाहेर न्यायची तर तिला निर्यात परवाना लागतो. तिची किंमत शून्य असली तरी. तेव्हा आठवण म्हणून खापर बॅगेत टाकायचा विचार सोडून द्या.

प्र. ओहोटीचं वेळापत्रक कसं वाचायचं? आणि प्रत्यक्ष किती वेळ हाताशी असतो?

उ. कोकणात किनाऱ्यावर वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी मुळापासून सांगतो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. म्हणून ओहोटीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण असतं. तेव्हा पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खालीही उतरतं. मध्य लंडनमध्ये हा फरक ७ मीटरपर्यंत जातो. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा फारसं काही उघडं पडत नाही.

तक्त्यात वेळेइतकीच उंचीही बघा. लंडन ब्रिजच्या तक्त्यात ओहोटीची उंची ०.५ मीटर किंवा त्याहून कमी असेल तर जाण्यात अर्थ आहे. १.२ मीटर दिसली तर फक्त वरचे गोटे मिळतील. छापलेला आकडा हा अंदाज असतो. हवेचा दाब जास्त असेल तर पाणी आणखी उतरतं; ठोकताळा असा की दर मिलिबारला सुमारे एक सेंटीमीटर. वरच्या खोऱ्यात जोरदार पाऊस झाला असेल तर नदीचं गोडं पाणी साचून ओहोटी पुरती होतच नाही.

गफलत होते ती दोन ठिकाणी. काही तक्ते ग्रीनिच वेळेत असतात. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा तो तास मिळवावा लागतो. दुसरं म्हणजे ओहोटी सगळीकडे एकाच वेळी येत नाही. नदीच्या वरच्या अंगाला ती उशिरा पोचते, म्हणून लंडन ब्रिजची वेळ हॅमरस्मिथला लावू नका.

पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरा आणि उतरत्या पाण्याच्या मागे मागे जा. परत फिरण्याची वेळ घड्याळात लावून ठेवा. पूर्ण ओहोटीनंतर अर्ध्या तासात काठावर चढायच्या जिन्यापाशी असायला हवं. लंडनमध्ये पाणी उतरायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कमी वेळात ते चढतं, त्यामुळे उतरताना लागलेल्या वेळावरून चढतीचा अंदाज बांधला तर फसगत होते. किनारा सपाट नसतो. कित्येकदा तुम्ही उभे असलेला उंचवटा कोरडा असतो आणि मागे भिंतीलगतच्या खोलगट भागात, जिन्याच्या वाटेवर, पाणी शिरलेलं असतं. म्हणून उतरल्या उतरल्या दोन जिने हेरून ठेवा, येण्याचा आणि अडचणीचा. अडकलात तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा.

प्र. सोबत काय काय न्यावं? लेप्टोची भीती असते असं वाचलं.

उ. भीती खरी आहे. उंदरांच्या मूत्रातून येणारा लेप्टोस्पायरोसिस चिरलेल्या कातडीतून किंवा डोळ्या-तोंडावाटे शिरतो. शिवाय लंडनच्या जुन्या गटारांमध्ये सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकत्र वाहतं; मोठ्या पावसात ते तुंबून नदीत सुटायचं. हे पाणी वाहून नेणारा २५ किलोमीटर लांबीचा टाइडवे बोगदा फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरता जोडला गेल्यापासून हे बरंच कमी झालं आहे. तरी मुसळधार पावसानंतरचे एक-दोन दिवस टाळलेले बरे.

नायट्राइलचे जाड हातमोजे, जाड तळव्याचे गमबूट, गुडघ्यांखाली घ्यायला पॅड, झिपच्या छोट्या पिशव्या, पाण्याने न पुसली जाणारी पेन्सिल, झाकणाचा एक डबा आणि पूर्ण चार्ज केलेला फोन, एवढं पुरे. जखम झाली तर तिथेच स्वच्छ पाण्याने धुवा. त्यासाठी प्यायच्या पाण्याशिवाय एक वेगळी बाटली ठेवा. नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना नदीवर गेल्याचं आवर्जून सांगा. नाहीतर साधा फ्लू समजून वेळ जातो. जिन्यांवरचं हिरवं शेवाळ बुटांना दाद देत नाही, कठडा धरूनच उतरा. मऊ राखाडी चिखलात पाय घोट्याच्या वर रुतला तर पुढे जाऊ नका, आल्या पावली मागे फिरा.

प्र. मेटल डिटेक्टर घ्यावा का? मित्र म्हणतो, त्याशिवाय काहीच सापडत नाही.

उ. मित्राने बहुधा शेतात शोधलं असावं. लंडनचा फोरशोअर म्हणजे जहाजांचे खिळे, साखळ्या, पत्रे आणि बांधकामाच्या भंगाराचा थर. डिटेक्टर तिथे सारखा ओरडत राहतो. लोखंड गाळायची सोय चालू केली तर लोखंडाला चिकटून बसलेलं बारीक नाणंही गाळलं जातं. पट्टीचे शोधणारे डोळ्यांवरच भिस्त ठेवतात.

डोळ्याने शोधायचीही पद्धत आहे. सुपात धान्य पाखडावं तशी नदी वस्तू वजनाप्रमाणे वेगळ्या करते. हाडं, शिंपले, खापरं हलकी. ती वर, पाण्याच्या जुन्या रेषेजवळ साचतात. शिसं, नाणी, टाचण्या, खिळे असं आकाराने लहान पण जड ते एखाद्या दगडाच्या किंवा लाकडाच्या आडोशाला, जिथे प्रवाह मंदावतो, तिथे बसतं. गंजलेल्या बारीक खिळ्यांचा आणि टाचण्यांचा असा पट्टा दिसला की तिथे थांबा. बसा, गुडघे टेका, आणि हातभर जागा पाच मिनिटं बघा. चालत चालत दहा मीटर पाहण्यापेक्षा त्यातून जास्त निघतं.

निसर्गात अगदी सरळ रेषा आणि नेमके गोल क्वचित असतात, म्हणून नजरेला तेच शोधायला लावा. सूर्य कलता असताना बारीक वस्तूंची सावली पडते, तेव्हा चिखलाचा पोत वाचता येतो. डोक्यावरच्या उन्हात सगळं एकसारखं दिसतं.

टाचणीच घ्या. पितळी तारेची, दोन-तीन सेंटीमीटरची. भिंगाखाली डोकं पाहा. तारेचे दोन-तीन वेढे गुंडाळून, ठोकून बसवलेलं दिसलं तर ती हाताने केलेली आहे. डोकं आणि दांडी एकसंध असेल तर यंत्राची, म्हणजे १९ व्या शतकातली किंवा नंतरची. एकेकाळी कपडे, टोप्या, पदर सगळं टाचण्यांवर टिकून असायचं, त्यामुळे त्या शेकड्यांनी सापडतात. नवशिक्याने त्यांच्यावर नजर तयार करावी. टाचणी दिसू लागली की नाणं दिसायला वेळ लागत नाही.

प्र. पांढऱ्या मातीच्या चिलमींच्या नळ्या सगळीकडे पडलेल्या असतात म्हणे. त्यांवरून काळ कसा सांगतात?

उ. तंबाखू इंग्लंडात १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि चिलमी तेव्हापासून नदीत पडू लागल्या. स्वस्त आणि ठिसूळ असल्याने त्या मोडायच्या आणि फेकल्या जायच्या.

तंबाखू भरायच्या वाटीवरून काळ जास्त भरवशाचा मिळतो. सुरुवातीला तंबाखू महाग होती, म्हणून वाटी करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढी. १७ व्या शतकाच्या मध्याला ती पिंपासारखी फुगीर आणि पुढे कललेली, कडेखाली बारीक दातेरी रेघ असलेली दिसते. १८ व्या शतकात मोठी, पातळ आणि उभी होते, आणि तळाच्या टाचेच्या दोन बाजूंना कारागिराची आद्याक्षरं येतात. पानाफुलांची नक्षी साच्याच्या सांध्यावर आली की बहुधा १९ वं शतक.

नळीचं भोक काळानुसार बारीक होत गेलं, कारण नळ्या लांब होत गेल्या. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी नळ्या मोजून १९५४ मध्ये त्याचं कोष्टक दिलं. इंचाच्या चौसष्टाव्या भागात ते असं : १५९०-१६२० ला ९, १६२०-५० ला ८, १६५०-८० ला ७, १६८०-१७१० ला ६, १७१०-५० ला ५ आणि १७५०-१८०० ला ४. मिलिमीटरमध्ये म्हणजे साधारण ३.६ पासून १.६ पर्यंत. मोजायला ड्रिलचे बिट वापरतात. त्याचा बोथट, गुळगुळीत दांडा भोकात घालून बघायचा. जो सैल न होता सहज जातो तो आकडा. धारेचं टोक घातलं तर माती खरवडली जाते आणि माप चुकतं. आधी भोकातला गाळ पाण्याने भिजवून काढा, तारेने टोचू नका.

कोष्टकाचा गैरवापर फार होतो. ते एका ठिकाणच्या बऱ्याच नळ्यांच्या सरासरीसाठी आहे. एकच नळी हातात घेऊन ‘ही १६३५ ची’ म्हणणं हास्यास्पद आहे. त्यात फोरशोअरवर वेगवेगळ्या शतकांचा माल शेजारी शेजारी पडलेला असतो, त्यामुळे सरासरीही जपून काढावी लागते.

प्र. माझ्या बहिणीला (तिच्याकडे परवाना आहे) चामड्याचा जुना तळवा सापडला. घरी आणून वाळवला तर लाकडासारखा कडक होऊन वळला. काय चुकलं? नाण्यांना चिंच लावावी का?

उ. वाळवला, तेच चुकलं. थेम्सच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून कुजवणारे जीव तिथे तग धरत नाहीत आणि चामडं, लाकूड शतकानुशतकं टिकतं. पण आतला मूळचा भराव निघून गेलेला असतो. तंतूंना आधार असतो तो पाण्याचा. पाणी उडालं की तंतू आखडतात, आणि हा बदल उलटवता येत नाही.

असं काही मिळालं तर झाकणाच्या डब्यात, बुडेल एवढ्या नळाच्या पाण्यात ठेवा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. वास आला तर पाणी बदला. ही सोय आठवड्यांची आहे, वर्षांची नाही. त्या अवधीत संवर्धन करणाऱ्याशी बोला; ते ग्लिसरॉल किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये मुरवून मग गोठवून वाळवतात. हे जमणार नसेल तर वस्तूचा फोटो काढा, जागा लिहून घ्या आणि ती चिखलात परत झाका.

बाकीच्यांचं थोडक्यात. लोखंड हवेत आलं की पापुद्रे सुटू लागतात. कोरडं करून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. हाड आणि हस्तिदंत सावलीत, सावकाश वाळवा, उन्हात तडकतं. खापराला मऊ ब्रश आणि पाणी पुरे, पण झिलई सुटत असेल तर ब्रशही नको. शिसं आणि प्यूटर (कथलाचा मिश्रधातू) ओकच्या कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. लाकडातून आणि पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी येते. प्लॅस्टिकचा डबा चालतो. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

नाण्याला चिंच, लिंबू, व्हिनेगर, दात घासायची पेस्ट, काहीही नको. अक्षरं बऱ्याचदा धातूत उरलेलीच नसतात, वरच्या गंजाच्या थरात टिकून असतात. चिंच लावली की लखलखीत, कोरी चकती हातात येते. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, सुटेल तेवढी माती लाकडी टूथपिकने काढा आणि थांबा.

प्र. चांदीचं एखादं जुनं नाणं सापडलं तर ते सरकारजमा होतं का?

उ. एकटं नाणं सहसा ‘ट्रेझर’ ठरत नाही. १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार ३०० वर्षांहून जुन्या आणि निदान १० टक्के सोनं-चांदी असलेल्या वस्तूची खबर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, द्यावी लागते. त्यात अंगठी, बकल वगैरे एकेकटं आलं तरी चालतं, पण नाणी एकाच ठेव्यातली किमान दोन हवीत. मौल्यवान धातू १० टक्क्यांहून कमी असेल तर किमान दहा. जुलै २०२३ पासून २०० वर्षांहून जुनी, धातूचा अंश असलेली आणि असाधारण महत्त्वाची वस्तूही यात येते. खबर दडवली तर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ट्रेझर ठरलेली वस्तू संग्रहालयाने घेतली तर मूल्यांकन होऊन बक्षीस मिळतं, त्यात जमीनमालकाचाही वाटा असतो.

तुमचं एकटं नाणं ट्रेझर नसलं तरी ३०० वर्षांहून जुनी कुठलीही वस्तू फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवणं ही परवान्याची अट आहे. लंडनचे हे अधिकारी लंडन म्युझियममध्ये असतात आणि नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या अशा शोधांच्या नोंदयोजनेत होते. तिथे नेण्याआधी जागा नीट टिपा : उचलण्यापूर्वी पट्टी ठेवून फोटो, उत्तर काठ की दक्षिण, जवळचा जिना, फोनवरचे अक्षांश-रेखांश. ब्रिटिश ग्रिडचे, म्हणजे तिथल्या नकाशांवरच्या चौकटींचे, आठ आकडे दिले तर जागा १० मीटरच्या चौकोनात येते, सहा दिले तर १०० मीटरच्या. ‘साउथवर्कजवळ’ एवढंच सांगितलेल्या नाण्याचा अभ्यासकाला जवळजवळ उपयोग नाही. खरं सांगायचं तर किंमत नाण्यापेक्षा या टिपणाला जास्त असते, आणि आळस नेमका इथेच होतो.

प्र. ऑनलाइन लिलावात ‘थेम्समध्ये सापडलेलं ११ व्या शतकातलं शिशाचं पदक’ पाहिलं. घ्यावं का?

उ. त्यावर साल कोरलंय का? आणि ते १०२१ असं आकड्यांत आहे का? असेल तर ते बनावट आहे. इंग्लंडात त्या काळी हे आकडे वापरात नव्हते. रोमन अंक चालत. १८५७ पासून लंडनच्या विल्यम स्मिथ आणि चार्ल्स ईटन या जोडगोळीने प्लास्टरच्या साच्यांत अशी पदकं ओतली, आम्लात बुडवून जुनी केली आणि शॅडवेलच्या गोदीच्या खोदकामात सापडली म्हणून खपवली. दोघंही निरक्षर होते, म्हणून त्यांवरची अक्षरं वाचायला गेलात तर काहीच अर्थ लागत नाही. गंमत अशी की आता ‘बिली अँड चार्ली’ म्हणून हीच बनावट पदकं लोक हौसेने जमवतात आणि संग्रहालयांतही ती आहेत. त्या नावाने विकत असतील तर घ्या. ११ व्या शतकाच्या नावाने नको.

प्र. थेम्समध्ये गणपतीच्या छोट्या मूर्ती सापडतात हे खरं का? सापडली तर काय करावं?

उ. खरं आहे. पणत्या, नारळ, ताम्रपटावरची यंत्रं, लहान धातूच्या मूर्ती नेहमी दिसतात. लंडनमधल्या हिंदूंनी अलीकडच्या दशकांत वाहिलेल्या किंवा विसर्जित केलेल्या या वस्तू आहेत, पुरावस्तू नव्हेत. कुणी श्रद्धेने सोडलंय, ते तिथेच राहू द्यावं असं आम्हाला वाटतं. काही ब्रिटिश शोधकही तसंच करतात.

प्र. हाडं दिसतात ती माणसांची असतात का?

उ. बहुतेक गुरा-मेंढरांची, खाटिकखान्यातून आणि स्वयंपाकघरातून आलेली. सुऱ्याचे सरळ काप दिसतात. कवटीचा तुकडा किंवा माणसाचं वाटणारं काहीही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. दुसऱ्या महायुद्धातल्या न फुटलेल्या बॉम्बचा संशय आला तर आधी दूर व्हा आणि मग ९९९ लावा.